नाना म्हणतात हाताला कळतं, सेल्सवाला म्हणतो एआयला कळतं

आलेलं पत्र, थोडं कापून:

"काका, जळगाव एमआयडीसीत आमची तुरीची डाळ मिल आहे, दिवसाला साधारण २५ टन तूर लागते. मी मेकॅनिकल करून पुण्यात चार वर्षं नोकरी केली, आता घरी परत आलोय. एका कंपनीने १८ लाखांचं एआय पॅकेज कोट केलंय. सगळ्या मोटरींवर सेन्सर, पॅकिंगच्या आधी कॅमेरा, मोबाईलवर डॅशबोर्ड. म्हणतात सहा महिन्यांत पैसे वसूल. नाना ऐकायलाच तयार नाहीत, म्हणतात ३० वर्षं डाळ हातात घेऊन सांगतोय, मशीनला काय कळणार. मिस्त्री पण तोंड फुगवून बसलाय, त्याला वाटतं त्याच्या पोटावर पाय येणार. रोज जेवताना वाद. घेऊ का नको ते सांगा."
– नानांचा मुलगा, जळगाव

भाऊ, पत्र वाचून आधी हसू आलं, कारण हाच वाद मी आमच्या घरी बापाशी घातलाय, फक्त तेव्हा विषय कॉम्प्युटरवर हिशोब ठेवायचा होता. बाप जिंकला होता दोन वर्षं.

तर उत्तर आधीच देऊन टाकतो. १८ लाखांचं पॅकेज आत्ता घेऊ नको. पण एआय नको असंही म्हणत नाही, उलट डाळ मिलसारख्या धंद्यात त्याचा उपयोग आहे आणि बराच आहे, फक्त तो सेल्सवाल्याने दाखवला तिथे नाही. त्याने तुला मोटरी दाखवल्या कारण मोटरी मोजता येतात, नग गुणिले भाव केलं की कोटेशन तयार. तुझे पैसे कुठे सांडतात ते त्याने बघितलं का? रिजेक्टच्या, म्हणजे खराब म्हणून मशीनने बाजूला काढलेल्या मालाच्या, कट्ट्यात हात घातला का त्याने? मला नाही वाटत.

थोडा हिशोब करू, भाव मी ढोबळ धरतो, तू तुझे टाक. २५ टन तूर, उतारा, म्हणजे तुरीतून डाळ किती निघते ते, समज ७२ टक्के, म्हणजे १८ टन डाळ. उतारा फक्त एक टक्का वाढला तर २५० किलो डाळ जास्त. डाळ १०० ने जाते आणि तोच माल चुनीत, म्हणजे जनावरांच्या खाद्याला जाणाऱ्या चुऱ्यात, गेला तर २५ ने जातो असं धर, म्हणजे किलोमागे ७५ चा फरक, रोजचे १८ हजार ७५० रुपये. आता दुसरीकडे बघ, एलिव्हेटरचं, म्हणजे माल वर चढवणाऱ्या मशीनचं, बेअरिंग गेलं आणि चार तास मिल बंद पडली, तर नुकसान होतं पण ते वर्षातून किती वेळा, तीन, चार, पाच? उतारा तर रोज सांडतो आणि गुपचूप सांडतो, त्याचा आवाज येत नाही म्हणून त्याच्यावर कोणी सेन्सर विकत नाही.

म्हणून सुरुवात सॉर्टेक्सपासून कर. तुझ्याकडे कलर सॉर्टर असणारच, आता जळगावात त्याच्याशिवाय कोण माल विकतंय. ते मशीन काय करतं हे तुला माहीत असेल पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो, डाळ वरून चूटवरून घसरत पडते, कॅमेरा पडता पडता बघतो, रंग बिघडलेला दाणा दिसला की खालचा हवेचा नोझल फट करून त्याला बाजूला उडवतो. गंमत अशी की हवा एकट्या दाण्याला लागत नाही, शेजारचे दोनतीन चांगले पण सोबत उडतात. फ्लो वाढवला की दाणे दाटीने पडतात, मग शेजारी जास्त मरतात. सेन्सिटिव्हिटी वाढवली की पण तेच. ऑपरेटर काय करतो, गिऱ्हाईकाची तक्रार येऊ नये म्हणून सेन्सिटिव्हिटी वर ठेवून देतो आणि चहाला जातो. त्याची चूक नाही, तक्रार आली की शिवी त्याला बसते, रिजेक्टमध्ये चांगली डाळ गेली तर कोणी विचारत नाही.

उद्या सकाळी एक काम कर. सॉर्टेक्स चालू होऊन तासभर झाला की रिजेक्टच्या कट्ट्यातून मधून, वरून, खालून मिळून एक किलो काढ. पांढऱ्या कागदावर नको, काळ्या किंवा निळ्या ट्रेमध्ये पसर, तुरीची डाळ पिवळी असते, पांढऱ्यावर टिपकी नीट दिसत नाही. निवडणाऱ्या मावश्यांपैकी जी सगळ्यात जुनी असेल तिला बसव आणि चांगली एकीकडे, खराब एकीकडे करून दोन्ही वजन कर. असं सकाळ, दुपार, रात्र, सात दिवस. समज दिवसाचं रिजेक्ट ३ टक्के, म्हणजे ५४० किलो, आणि त्यात निम्म्याहून जास्त, ३०० किलो, चांगली डाळ निघाली, आणि रिजेक्ट ४५ ने जात असेल तर झाले की रोजचे साडेसोळा हजार. रिजेक्ट परत फिरवायची चूट असेल तर यातला बराचसा माल परत येतो, मग आकडा लहान होईल, ते पण वजनातच दिसेल. पण आकडा हातात आला की तू आणि नाना एकाच ट्रेकडे बघून बोलाल, नुसता एआयवर वाद होणार नाही.

आता यात एआय कुठे येतं. जुने सॉर्टर रंगाच्या एका मर्यादेवर चालतात, अमुक इतकं काळं दिसलं की उडव. नवीन ज्यांना एआयवाले म्हणतात ते फोटोवरून शिकतात, म्हणजे हजारो दाण्यांचे फोटो दाखवून हा डागी, हा किडका, हा साल चिकटलेला, हा फक्त कडेला तुटलेला, असं शिकवलेलं असतं, म्हणून आकार आणि पोत पण बघतात. साल चिकटलेल्या दाण्याला परत रोलवर, म्हणजे साल काढणाऱ्या मशीनवर, पाठवायचं आणि किडक्याला बाहेर काढायचं, हा फरक जुन्या मशीनला जमत नाही, नव्याला जमू शकतो. डाळीच्याच रंगाचा खडा असेल तर साधा कॅमेरा गंडतो, त्याला इन्फ्रारेडवाला कॅमेरा लागतो, हे सेल्सवाल्याला मुद्दाम विचार, बरेचजण इथे विषय बदलतात.

पण थांब, इथे एक गोम आहे. शिकवलेला कॅमेरा ज्या मालावर शिकला त्यावरच हुशार असतो. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यातून येणाऱ्या तुरीत बीएसएमआर ७३६ जातीची लाल, बीडीएन ७११ जातीची पांढरी, आणि वरून मध्येच ब्रह्मदेशची लेमन तूर किंवा आफ्रिकेचा माल लागतो. दाण्याचा आकार वेगळा, डाळीची छटा वेगळी. लाल तुरीवर तयार झालेल्या सेटिंगवर लेमनचा लॉट टाकला की तो अर्धा माल संशयाने बघतो, आपल्या सासूबाईंसारखा. म्हणून डेमो द्यायला ते त्यांच्या शोरूममध्ये त्यांची डाळ टाकतात ना, तो डेमो नाही. डेमो म्हणजे तुझ्या तीन वेगवेगळ्या लॉटमधले दोन-दोन कट्टे घेऊन तू जायचं, आणि चांगला माल किती टक्के शुद्ध निघाला यासोबत रिजेक्टमध्ये चांगला किती गेला हे पण वजन करून मागायचं. पहिला आकडा ते आनंदाने देतात. दुसरा द्यायला जो खळखळ करेल त्याला नमस्कार.

आणि खराब म्हणजे काय हे कोण ठरवणार? मी एका मिलमध्ये दोन मावश्यांसमोर तेच १०० दाणे ठेवले होते, एकीने १४ खराब काढले, दुसरीने २३. दोघी वीस-वीस वर्षं डाळ निवडताहेत. भांडण नको म्हणून विचारलं तर कळलं एक जण मुंबईच्या पार्टीच्या हिशोबाने निवडत होती, दुसरी लोकल किराण्याच्या. दोघी बरोबर होत्या. आता तू मशीनला काय शिकवणार सांग. आधी मिलमध्ये बसून ठरवा, फटक्याला, म्हणजे एक नंबर डाळीला, काय चालतं, दोन नंबरला काय चालतं, ट्रेमध्ये नमुने ठेवून फोटो काढा, मग ते फोटो शिकवायला वापरा. आणि त्या मावश्यांना या कामाला बसव, खरंच सांगतो. सॉर्टेक्स आलं तेव्हा कितीतरी बायांचं निवडायचं काम गेलं हे जळगावात सगळ्यांना माहीत आहे, आता ज्या राहिल्या आहेत त्यांच्या डोळ्यात जे आहे ते पुण्याच्या इंजिनियरकडे नाही.

आता नानांचा हात. नाना डाळ मुठीत घेऊन सांगतात ना की हा लॉट अजून मुरला नाही, रोलला लावू नको, ते थोतांड नाहीये. तेल-पाणी करून तूर मुरवत ठेवतो, पटांगणात सुकवतो, मग रोलला लावतो, यातल्या प्रत्येक टप्प्यावर उतारा कमी-जास्त होतो आणि नानांच्या हाताला ते कळतं, पण नानांचा हात एकाच जागी असतो आणि नाना लग्नाला गेले की त्या दिवशी खंडा, म्हणजे तुटकी डाळ, वाढतो. बरोबर ना? तर त्यांचं जे आहे ते वहीत उतरव. लॉट कुठला, तुरीचा ओलावा किती, तेल किती, किती तास मुरवली, ऊन होतं का ढग, रोलचे पास किती, रोलवरची एमरी, म्हणजे साल घासणारा खरखरीत थर, कधी बदलली, आणि मग डाळ, खंडा, चुनी, भुसी सगळ्यांची वजनं. या सगळ्या वजनांची बेरीज तुरीच्या वजनाच्या आसपास यायला पाहिजे, सुकण्याची घट सोडून. जुळत नसेल तर एआय बाजूला ठेव आणि आधी वजनकाटा बघ, मी तीनदा बघितलंय की उतारा कमी नव्हताच, काटा चुकत होता किंवा हम्माल कट्टे मोजताना गप्पा मारत होते.

एक रकाना मात्र खास नानांसाठी ठेव, "नाना काय म्हणाले". कच्ची, ठीक, मस्त, एवढंच. सव्वाशे-दीडशे लॉट झाले की बसून बघ, नानांचा शेरा आणि आलेला उतारा किती वेळा जुळला. बहुतेक बराच जुळेल आणि नाना खुश होतील, नाही जुळला तर कुठल्या मालात नाही जुळला ते दिसेल, आणि ते बघायला नाना स्वतःच येतील, मी पैज लावतो, भरीत-भाकरीची.

हे विश्लेषण करायला मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सेल आहे, आणि चॅटजीपीटी किंवा जेमिनायला तक्ता देऊन "कुठल्या गोष्टीमुळे खंडा वाढतोय ते बघ" असं मराठीत विचारलं तरी ते बऱ्यापैकी काम करतात. दीडशे लॉटवर फार मोठं काही शिकता येत नाही हे लक्षात ठेव, ते जे सांगतील तो अंदाज समज आणि दोन लॉटवर मुद्दाम करून बघ. आणि पार्टीची नावं, खरेदी-विक्रीचे भाव त्यात टाकू नको, लॉटला नंबर दे बस्स.

रोजच्या उताऱ्याचं एक जुनं गणित पण शिकून घे. अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये वॉल्टर शूहार्ट नावाचा माणूस होता, त्याने १९२४ च्या मे महिन्यात साहेबाला साधारण एका पानाची चिठ्ठी लिहिली आणि त्यात एक आकृती काढली, तो पहिला कंट्रोल चार्ट. वीस-पंचवीस दिवसांचा उतारा मांड, सरासरीची रेघ, वर खाली एकेक मर्यादेची रेघ. आकडा दोन रेघांच्या आत नाचत असेल तर नाचू दे, रोज ऑपरेटरला झापू नको. रेघेच्या बाहेर गेला की त्या दिवशी काहीतरी वेगळं घडलंय, शोध. शंभर वर्षं जुनी गोष्ट आहे आणि तुझ्या १८ लाखांच्या डॅशबोर्डमधला निम्मा "एआय" हाच असणार, रंगीत करून.

आता सेन्सर. हे सांगताना माझीच फजिती सांगतो. मी ज्या प्लांटला मेंटेनन्स बघायचो तिथे मालकाने हौसेने चाळीस सेन्सर लावून घेतले, थरथर आणि तापमान दोन्ही. मे महिना, पत्र्याचं शेड, बाहेरच ४४-४५ डिग्री, आणि कंपनीने मर्यादा ठेवल्या होत्या फॅक्टरीत आल्या तशाच. दिवसाला साठ-साठ अलार्म. पहिल्या आठवड्यात आम्ही पळायचो, दुसऱ्या आठवड्यात चालत जायचो, तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांनी व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट केला, मी पण केला, खोटं कशाला सांगू. जूनमध्ये एलिव्हेटरचा गिअरबॉक्स गेला. नंतर मागे जाऊन बघितलं तर चार दिवस आधी रात्री ३ वाजून १० मिनिटांनी मेसेज आलेला होता. साठातला एक.

म्हणून चाळीस नको, चार लाव. एलिव्हेटरचं वरचं हेड, रोलची मुख्य मोटर, कॉम्प्रेसर आणि असं एक मशीन जे बंद पडलं की सगळं बंद पडतं, ते कुठलं हे मिस्त्री झोपेत सांगेल. एलिव्हेटरच्या हेडचं बेअरिंग तर पैशासाठी सोड, आगीसाठी बघायला पाहिजे, तिथे धूळ साचते, बेअरिंग तापतं, खाली बारदान. छोट्या मशीनला, म्हणजे १५ किलोवॅटपर्यंत, थरथरीचा जो आयएसओचा तक्ता आहे त्यात साधारण १.८ मिलिमीटर प्रति सेकंदपर्यंत चालतं आणि ४.५ च्या वर धोका धरतात, मोठ्या मोटरीला आकडे जास्त असतात. पण आकड्यापेक्षा वाढ बघ. कायम २.५ वर चालणारं मशीन एकदम ३.५ ला गेलं तर ते बोलतंय. यात एआय जे करतं ते एवढंच की तुझ्या मशीनचं नेहमीचं वागणं काय ते दोनतीन आठवड्यांत शिकतं आणि त्यापासून हललं की सांगतं, लोडनुसार, वेळेनुसार. उपयोगी आहे, जादू नाही.

अलार्म ग्रुपवर टाकू नको, मिस्त्रीच्या फोनवर दे, एकट्याच्या. आणि त्याच्याकडे वही, अलार्म आला, गेलो, काय दिसलं. ग्रीस कमी, बेल्ट ढिला, काहीच नाही. "काहीच नाही" जास्त झाले की मर्यादा बदलायची, ती पण त्याने सांगायची. असं झालं की त्याचं तोंड फुगणं कमी होईल, कारण तो मशीनच्या हाताखाली जात नाही, मशीन त्याच्या हाताखाली येतंय. तो आत्ता स्क्रूड्रायव्हर कानाला लावून बेअरिंग ऐकत असेल ना? ते ऐकणं रेकॉर्ड कर फोनवर, चांगल्याचं पण, खराबाचं पण. पुढे कधी आवाजावरून ओळखणारं काही बसवलंस तर हाच माल लागेल. आणि तोंडाने सांग त्याला, नोकरी जात नाहीये. नुसतं मनात ठेवून उपयोग नाही. खरंच कमी करायचा विचार असेल तर मात्र ते पण आत्ताच सांग, सहा महिने त्याच्याकडून शिकून घेऊन मग नारळ देणं बरं दिसत नाही.

फुकटात होणारी दोन कामं सांगतो, आजपासून कर. एक, मशीनचं इंग्रजी मॅन्युअल असेल त्याची पीडीएफ चॅटवाल्या एआयला देऊन मराठीत आणि हिंदीत रोजची सफाईची यादी करून घे, हिंदीत कारण तुझे अर्धे लेबर युपी-बिहारचे असतील. सॉर्टेक्सची काच पुसणं, कॉम्प्रेसरचं पाणी काढणं, एवढं जरी रोज झालं तरी निम्मा प्रश्न मिटतो, हवेत पाणी आलं की नोझल आळशी होतात आणि लोक कॅमेऱ्याला शिव्या देतात. सेटिंगचे आकडे मात्र सर्व्हिसवाल्याला विचारल्याशिवाय बदलू नको, एआय कधीकधी इतक्या आत्मविश्वासाने चुकीचं सांगतं की आपले मेव्हणे आठवतात. दोन, जुन्या रजिस्टरचे फोटो काढून तक्ता करून घे. यात मराठी १ आणि ९ ची गल्लत होते, म्हणून पानाच्या खालची बेरीज जुळते का बघायचंच.

सेल्सवाल्याला काय सांगायचं? चार सेन्सर तीन महिने ट्रायलवर दे म्हण. वर्षाचं सबस्क्रिप्शन दुसऱ्या वर्षी किती, लेखी दे म्हण, १८ लाखांत ते नसणार. नेट गेलं तर सिस्टिम चालते का, एमआयडीसीत नेट जातंच. डेटा कोणाचा, आणि उद्या तुम्हाला सोडलं तर सगळा एक्सेलमध्ये मिळेल का. सहा महिन्यांत वसूल म्हणतोस ना, मग अर्धे पैसे सहा महिन्यांनी घे. शेवटचं वाक्य बोलल्यावर त्याच्या तोंडाकडे बघ, बरंच कळेल.

आणि जेवताना हा विषय काढू नको भो. नाना मिलमध्ये असतात तेव्हा काढ, सकाळी, पहिला लॉट रोलला लागायच्या आधी, त्यांच्या हातात तूर असताना. "नाना ही कच्ची आहे का?" एवढंच विचार आणि वहीत लिही.

सात दिवसांचं रिजेक्टचं वजन झालं की मला पाठव. फोटो पाठवणार असशील तर ट्रे काळा घे, फ्लॅश बंद ठेव आणि बाजूला एक रुपयाचं नाणं ठेव, म्हणजे दाण्याचा आकार कळेल.